लिहून वाढलेलं ताट

अकोला
८ जानेवारी २०२४

चि. दुर्गीले,
शेषरावचे दंडवत.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नको, मी बरा आहो. तुझी माणिकवहिनी बाजूलेच बसून तूर निवडून राहिली, तिचंही बरं हाय.

तू नोव्हेंबरात येऊन गेली त्याले आता दोन महिने होतीन. जीभ गेली, खालचा अर्धा जबडा गेला, हे तू पाह्यलंच. बोलता येत नाही, तोंडानं पाणीही घेता येत नाही. पोटाले एक नळी बसवली हाय. दिवसातून सहा वेळा माणिक तिच्यातून डाळीचं पाणी, पावडरीचं दूध, पातळ ताक सोडते. पोट भरते, पण जेवण होत नाही. चाळीस वर्षं गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरला, त्याचं हे झालं. दुसऱ्या कोणावर बोट दाखवायची सोय नाही.

फोन तं आता माझ्या कामाचा नाही. तुझ्या लेकानं, स्वप्निलनं, तुले मोबाईलवर लिहायले शिकवलं असन, पण त्या काचेवर लिहिलेलं मले अक्षर वाटत नाही, बातमी वाटते. अन् तूही तिथं तीन शब्दांच्या वर जात नाही. म्हून कागद काढला. वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून शुद्ध पत्रं लिहिली, 'आपल्याकडील पुस्तक त्वरित परत करावे.' आता तोंड बंद झालं तं निदान कागदावर तरी घरच्यासारखा बोलतो.

तुले एक काम सांगाचं हाय. हसू नको. मी सध्या पुस्तकांत जेवण शोधून राहिलो. कपाटातल्या कादंबऱ्या एकेक काढून पाह्यल्या. दुर्गे, ह्या कादंबऱ्यांतली माणसं नुसता चहा पितात! प्रेम करतात, भांडतात, मरतात, अन् मधीमधी चहा. एकजण तीनशे पानांत एकदाच पाटावर बसला, तं लेखकानं 'जेवण आटोपून तो बाहेर पडला' असं लिहून त्याले उठवून दिलं. पाककृतीची पुस्तकंही पाह्यली. त्याच्यात चमचे असतात, माणसं नसतात.

तं तू लिही. तुझ्यासारखी रांधणारी आपल्या खानदानात झाली नाही अन् तुझ्यासारखी वाचणारीही नाही. भाजी कोठून आणली, कशी चिरली, फोडणीत काय टाकलं, पहिला घास कसा लागला, सारं. नळी लावली का मले वीस मिनिटं हलता येत नाही. तेवढ्यात वाचत जाईन.

यायची धावपळ करू नको. थंडी हाय, तुझे गुडघे दुखतात. पत्र आलं का तू आल्यासारखंच हाय.

तुझा भाऊ
शेषराव

⁂

अमरावती
१३ जानेवारी २०२४

ती. भाऊस,
दंडवत प्रणाम.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. दाराशी उभ्यानंच वाचलं. मग आत येऊन बसून वाचलं.

आज सकाळी इतवारा बाजारात गेले. मोर्शीकडची संत्री इतकी आली आहेत की रस्ता पिवळा दिसतो. पण मला वांगी हवी होती. आपल्या बाबांसारखा एक म्हातारा माळी कोपऱ्यात बसतो, त्याच्याकडे हिरवी, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी मिळाली. त्यानं विचारलं, "भरताले का वं बाई?" म्हटलं, "हो." तर त्यानं माझ्या हातातली दोन काढून घेतली अन् दुसरी दोन दिली. म्हणाला, "थे जड होती. भरताले हलकं वांगं पाहावं, बिया कमी निघतात." बाबा गिऱ्हाइकाला असंच सांगायचे, आठवतं?

अंगणात दोन विटा मांडून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. गॅसवर भाजलेलं भरीत मला भरीत वाटत नाही. वांग्याची साल काळी पडून फुटायला लागली, आतून पाणी सुटून जाळावर चर्र झालं, अन् तो वास आला. मी एका हातानं वांगं फिरवत होते अन् दुसऱ्या हातात कादंबरी होती. वाचनालयाचं पुस्तक आहे, पानावर माझा काळा अंगठा उमटला. तू ग्रंथपाल असतास तर माझं नाव कमी केलं असतंस.

साल काढली, देठ धरून वांगं लाकडी बडगीत ठेचलं. तेलात शेंगदाणे तळून काढले. त्याच तेलात जिरं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, मग कांद्याची पात. पात मऊ होऊ दिली नाही, दाताखाली कुरकुर राहिली पाहिजे. वरून वांगं, मीठ, सांबार. पुण्याची माणसं सांबार म्हटलं की डोशाकडे पाहतात, आपल्याला कोथिंबीरच आठवते. ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात घेतली. पहिला घास घेतला तर आधी धुराचा वास, मग मिरची, अन् शेवटी शेंगदाणा दाताखाली आला.

तू वाचतोस हे मनात ठेवून केलं, म्हणून बरं झालं असावं.

वहिनींना दंडवत.

तुझी
दुर्गा

⁂

अकोला
२१ जानेवारी २०२४

चि. दुर्गे,

जेवलो. पोटभर जेवलो.

माणिक नळीतून ताक सोडून राहिली होती अन् मी तुझं भरीत वाचून राहिलो होतो. शेंगदाण्यापाशी आलो तं डोळे मिटले. माणिकनं घाबरून हात थांबवला. मी वहीत लिहून दाखवलं, 'जेवतो हाय, थांबू नको.' मंग तीही वाचाले बसली.

वांगं हलकं पाहावं, हे खरं. चांदूर रेल्वेच्या आपल्या दुकानात बाबा मले तेच शिकवत. तुले आठवते, भाजी बांधाले रद्दी येत जाय, त्याच्यात कादंबऱ्यांची सुटी पानं निघत. तू मेथीच्या ढिगामागं बसून वाचे, अन् पुढचं पान गिऱ्हाइकासंग गेलं का रडे. तवा मी तुले पुढची गोष्ट बनवून सांगो. तू ती खरी माने.

आई महानुभाव पंथाची, घरात कधी मांस शिजलं नाही. वाचनालयातले सोबती मले म्हणत, "शेषराव, मटणाशिवाय कसं जेवता?" मी म्हणो, "एकदा आमच्या दुर्गीच्या हातचं खा, मंग तुमीच सांगा." आता वाटते, त्यायले खरंच एकदा बोलवाले पाहिजे होतं.

इकडं ठीक हाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनले सहा महिने झाले का नळीचं पाहू. तू लिहीत राहा.

शेषराव

⁂

अमरावती
१९ मे २०२४

ती. भाऊस,
दंडवत प्रणाम.

हे तुला माझं नववं पत्र. उन्हानं इथं पाखरं पडायला आली आहेत. सकाळी नऊच्या आत स्वयंपाक उरकते अन् पडदे ओढून वाचत बसते. सध्या एक जाडजूड प्रवासवर्णन चालू आहे. लेखक डोंगर फार चढतो, पण खातो मात्र बिस्किटं.

काल बेत मोठा होता. शेजारच्या सुंदराबाई जेवायला होत्या. कढीगोळे केले. तुरीची अन् हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटली, लसूण-मिरची घालून गोळे वळले अन् उकळत्या कढीत एकेक सोडले. एकही फुटला नाही. सोबत बेसनाच्या पातोडीचा रस्सा, तिखट, वर तेलाचा तवंग. आणि हरभऱ्याची कोवळी भाजी, शेंडे हातानं खुडून आणलेली, नुसती मिरची-लसणावर परतलेली. त्या आंबट चवीवर दोन भाकरी गेल्या. शेवटी आंब्याचा रस. सुंदराबाई म्हणाल्या, "दुर्गाबाई, तुमच्या हाताले काय लागलं हाय, सांगा तरी!" मी म्हटलं, "भाऊसाठी लिहायचं असतं ना, म्हणून जपून करते."

नळीचं डॉक्टर काय म्हणाले? सहा महिने होत आले. कळव.

तुझी
दुर्गा

⁂

अकोला
२७ मे २०२४

दुर्गे,

मे महिन्यात हरभऱ्याची कोवळी भाजी कोणत्या वावरात उगवली?

वाळवलेला पाला असता तं समजलो असतो. पण तू लिहिलं, शेंडे हातानं खुडले. आपण माळ्याची लेकरं आहो. पाच वर्षांची होती तवापासून तुले माहीत हाय का हरभरा दिवाळीनंतर खुडतात अन् मार्चात त्याचे घाटे वाळतात.

मंग मी जुनी पत्रं काढली. जानेवारीतलं भरीत पाह्यलं. त्याच्यात तो म्हातारा माळी हाय, तुझा काळा अंगठा हाय, दोन जड वांगी हायेत. त्याच्यानंतरची सात पत्रं पाह्यली. त्याच्यात नुसते पदार्थ हायेत. कुठं काही करपत नाही, काही उतू जात नाही, कोणी बाजारात बोलत नाही. मार्चातल्या पत्रात तू पुरण वाटलं, अन् हात दुखल्याचं एक अक्षर नाही. तुझा उजवा खांदा चार वर्षांपासून धड नाही.

तू रांधून नाही राहिली. तू नुसती लिहून राहिली.

मी तुले लहानपणी कादंबरीची खोटी पानं सांगितली, तवा तू सहा वर्षांची होती. मी अडुसष्ट वर्षांचा आहो. मले खोटं जेवण नको. तुले काय झालं थे सांग. तब्येत बरी नाही का? स्वप्निल काही बोलला का? का माझ्यासाठी लिहा लागते म्हून कंटाळली? कंटाळली असशील तं तसं सांग, मले राग येणार नाही.

शेषराव

⁂

अमरावती
४ जून २०२४

भाऊ,

तीन दिवस तुझं पत्र फळीवर पडून आहे. आज उत्तर लिहिते.

भरीत खरं होतं. बाजार खरा, म्हातारा खरा, वांगीही खरी. पहिला घास घेतला तोही खरा. पण तो गिळता आला नाही. तोंडात फिरवत बसले, मग उठून मोरीत टाकला. ताट झाकून सुंदराबाईंना देऊन आले. तुला मात्र चव लिहिली, कारण तू चवच मागितली होतीस.

त्यानंतर चूल अशी पेटवलीच नाही. सकाळी चहासोबत टोस्ट, दुपारी खिचडी. ती खाताना डोळ्यांसमोर पुस्तक धरते म्हणजे पोटात जाते. कढई हातात घेतली की वाटतं, हे भाऊला जात नाही ते मी कोणत्या तोंडानं खाऊ? सुंदराबाई माझ्याकडे कधी जेवल्या नाहीत. त्यांचं बोलणंही मीच रचलं. उलट त्याच परवा विचारत होत्या, "तुमच्या घरून वास काहून येत नाही आताशा?"

आणखी एक सांगायचं आहे. तू ते कधी विचारलं नाहीस.

नोव्हेंबरात मी तुझ्याकडे आले तेव्हा अर्धा तासही थांबले नाही. वहिनी "चहा तं घ्या, दुर्गाबाई" म्हणत होत्या अन् मी "गाडी चुकेल" म्हणून निघाले. गाडीला दोन तास होते. मी अकोला स्टेशनच्या बाकावर बसून होते. भाऊ, तू पट्टी बदलायला मान फिरवलीस, तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला. मला तिथं बसवेना. सख्खा भाऊ समोर, ज्यानं मला वाचायला शिकवलं तो, अन् मला त्याच्याकडे पाहवेना. स्टेशनवर नळाखाली दोनदा तोंड धुतलं.

त्यात दुसरंही होतं. मी चौदा वर्षांची असताना तू मला पानठेल्यावर पाठवायचास. "बाबाले सांगू नको" म्हणायचास. मी फ्रॉकच्या खिशातून तुझी तंबाखूची पुडी आणायची. बक्षीस म्हणून तू मला वाचनालयातून पुस्तक आणून द्यायचास. किती पुस्तकं वाचली मी अशी.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं, 'यायची धावपळ करू नको' असं तू लिहिलं होतंस, तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी कोणत्या शब्दांत सांगू? हायसं वाटलं, म्हणूनच इतकी चविष्ट पत्रं लिहिली.

मला कंटाळा आलेला नाही. मला लाज वाटते.

दुर्गा

⁂

अकोला
१२ जून २०२४

दुर्गे,

पुडीचं डोक्यातून काढून टाक. तू नसती आणली तं मी स्वतः गेलो असतो. पुढची चाळीस वर्षं स्वतःच गेलो ना.

नोव्हेंबराचं मले माहीत होतं. तू उठली तवा तुझी पिशवी खुर्चीवरच राह्यली होती, आठवते? तू चपला घालून पार फाटकापर्यंत गेली, मंग माणिकनं पिशवी नेऊन देली. मी खिडकीतून पाह्यलं. मले तुझा राग नाही आला. आरशात मी पहिल्यांदा पाह्यलं तवा मीही असाच उठलो होतो, फक्त मले जायले स्टेशन नव्हतं.

म्हूनच पत्राचं काढलं. मले वाटलं, तू सुटी होशील. तुले पाहा लागणार नाही अन् मले तू भेटत राहशील. जेवणाचं मी खरंच मागितलं, त्याच्यात खोटं नाही. पण त्याच्यामागं हे होतं.

आता तू येऊ नको. मी सांगतो म्हून येऊ नको. लाजेनं आलेल्या माणसाले पाहणं मले जड जाईन. घरी चूल पेटव. दोन घास खा. नाही गेले तं नाही गेले, पण खरं लिही. करपलं तं करपलं लिही.

शेषराव

⁂

अकोला
१३ जून २०२४

दुर्गाबाईले माणिकचा दंडवत.

माह्यं अक्षर वाईट हाय, समजून घ्या. हे पत्र यायले न सांगता लिहून राह्यली. सुटं टाकतो पोस्टात.

एप्रिलात आमी नागपूरले गेलो होतो. थे मानेत परत आलं. डॉक्टरनं सांगतलं का आता दुखणं कमी करू, बाकी काही होत नाही. नळीचं तं कोणी कधी काही बोललंच नव्हतं, थे यायनंच तुमाले मनानं लिहिलं. मले वहीत लिहून ताकीद देली, 'दुर्गीले कळू देजो नको.'

तुमचं खऱ्याचं पत्र आलं तवा यायनं तीनदा वाचलं. मंग भिताडाकडं तोंड करून पडले. मी इचारलं, काय झालं? तं वहीत लिहिलं, 'दुर्गी उपाशी हाय.' बस, येवढंच.

काल यायनं तुमाले येऊ नको म्हून लिहिलं. पाकीट माह्याच हातानं टाकलं. पण पत्र देऊन वापस आली तं हे खिडकीपाशी बसून फाटकाकडं पाहून राह्यले होते. हे रोजच पाहातात. मी आजवर बोलली नाही.

तुमी या. दिवस फार नाहीत. तुमाले पाहवलं नाही तं बाहेरच्या खोलीत बसा, पण या.

माणिक

⁂

अमरावती
१७ जून २०२४

वहिनी,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. राहायलाच येते. स्वप्निलला कळवलं आहे. भाऊला आधी सांगू नका, नाहीतर तो वहीभर भांडेल.

दुर्गा

⁂

अकोला
२९ सप्टेंबर २०२४

दुर्गाबाईले दंडवत.

तुमी गेल्या त्याले आठ दिवस झाले. घर लय मोठं वाटते. पाहुणे गेले, सतरंज्या मंदिरात वापस देल्या. यायचा चष्मा अन् वही मी कपाटात ठेवली. वही उघडून पाहाची हिंमत नाही होत. उघडली का आवाज आल्यासारखा वाटन.

तुमी तीन महिने राह्यल्या, तवा रोज दोन्ही टायमाले चूल पेटली. यायच्या उशापाशी बसून तुमी पुस्तक वाचून दाखवा, अन् मी नळी धरून बसो. त्या तीन महिन्यांत हे जेवढे हासले तेवढे दोन वर्षांत नसतीन हासले. शेवटच्या दिवशीही तुमी वाचूनच राह्यल्या होत्या. तुमाले समजलंच नाही, मीच तुमच्या हाताले धरलं.

एक गोष्ट कोणाले सांगतली नाही. तुमाले सांगतो. वाईट वाटून घेऊ नका.

हे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मले भूक लागली. अशी तशी नाही. मी पोट्टी असतांना दिवसभर कापूस येचून आल्यावर लागे, तशी. घर माणसायनं भरलं होतं. शेजारणीनं पिठलं-भाकर आणली, सगळ्याजणी म्हणे, "खाऊन घे वं माणिक, दोन घास." मी म्हटलं, इच्छा नाही. त्या म्हणे, कसं खावन बिचारीले. मंग सगळ्यायची पाठ झाली तवा मी आत गेली अन् भाकर मोडून पिठल्यात बुडवून खाल्ली. एक नाही, दोन खाल्ल्या. गोड लागली मले. दुर्गाबाई, नवरा जाऊन दिवस नाही झाला अन् मले भाकर गोड लागली.

तवापासून रोज भूक लागते. अन् ज्या दिवशी जास्त लागते त्या दिवशी मी मुद्दाम चूल पेटवत नाही. एखादं केळ खातो अन् झोपतो. भूक मरून जाईन तं बरं, असं वाटते. मी कशी बाई आहो?

माणिक

⁂

अमरावती
३ ऑक्टोबर २०२४

वहिनी,
दंडवत प्रणाम.

तुमचं पत्र आत्ता मिळालं अन् आत्ताच उत्तर लिहिते.

जूनमध्ये मी आले त्या पहिल्या शुक्रवारची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. भाऊनं नाकापासून खाली दुपट्टा बांधला होता. मी आल्याचं पाहून आधी रागावला, वहीत लिहिलं, 'येऊ नको म्हटलं होतं ना?' मी म्हटलं, "आले. तो दुपट्टा काढ." त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "भाऊ, मी पळणार नाही." तर त्यानं लिहिलं, 'दरवाजा उघडाच हाय, पळावं वाटलं तं जाजो.' मी उठून आतून कडी लावली. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो. तो हसत होता.

मग त्यानंच गाठ सोडली. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. वाटली. पण लाळ गळत होती, ती पुसणं भाग होतं, म्हणून मी फडकं ओलं करून पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली. तिसऱ्या वेळी नजर फडक्यावरून वर नेली. तो माझ्याकडे पाहत होता, अन् मीही त्याच्याकडे पाहत होते.

मी विचारलं, "आता सांग, तुझ्यासाठी काय करू?" मला वाटलं, कढीगोळे लिहील. त्यानं बराच वेळ लिहिलं. ते पान मी फाडून घेतलं होतं, अजून माझ्याजवळ आहे. वही उघडायची तुमची हिंमत होत नाही, म्हणून जसंच्या तसं उतरवून देते:

'माणिकनं नोव्हेंबरापासून या घरात फोडणी टाकली नाही. मले वास येऊन त्रास होईन म्हून. ती बाजूच्या घरी जाऊन उभ्यानं दोन घास खाते अन् मले सांगते का जेवली. तिच्या पदराले त्यायच्या फोडणीचा वास येते. मले वासाचा त्रास होत नाही. ती चोरून खाते त्याचा होते. मी लिहून सांगितलं तं आयकत नाही. तुझ्या हाताले चव हाय. तू रांध अन् तिले माझ्या समोर बसवून जेवू घाल. पोटभर. ती जेवतांना मी तिच्याकडं पाहीन.'

म्हणून मी तुम्हाला रोज त्याच्या खाटेसमोर पाट मांडून बसवायची. तुम्ही पहिले चार दिवस रडत जेवलात अन् माझ्यावर चिडलात. म्हणालात, "त्यायच्या डोयापुढं कसं खाऊ, तुमाले काही कळते का?" मी भाकर वाढत राहिले, कारण त्यानं सांगू नको म्हटलं होतं. पाचव्या दिवशी तुम्ही अंबाडीची भाजी मागून घेतलीत, तेव्हा त्यानं बोट वर करून मला खूण केली, आणखी वाढ म्हणून. तुमची पाठ त्या वेळी माझ्याकडे होती अन् तुमचं लक्ष ताटात होतं. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला भूक असती तर ती तेव्हा भागली असती.

आता माझंही एक ऐका. स्वप्निलचे बाबा, महादेवराव, गेले त्याला बावीस वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराचं दार लोटून पोळीवर गूळ घालून खाल्ला. तीन पोळ्या. स्वप्निल बाहेर त्याच्या आत्याच्या मांडीवर झोपला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. भाऊलाही नाही, अन् त्याला मी काय नाही सांगितलं? मीसुद्धा तेव्हा हेच विचारलं होतं, मी कशी बाई आहे? मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पुस्तकंही इतकी वाचली, पण तिथं माणसं गेल्यावर उरलेली माणसं रडतात, खिडकीशी बसतात, कविता करतात. त्यांना भूक लागल्याचं कोणी लिहीत नाही. पण लागते, वहिनी. मला लागली होती, तुम्हालाही लागली. दहा महिने तुम्ही त्याला भरवलं अन् त्यातले सात महिने स्वतः उभ्यानं खाल्लंत. लागणार नाही तर काय होईल?

मी सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. येताना बाजारातून काही आणत नाही, आपण दोघी तिथंच जाऊन पाहू काय मिळतं ते.

पण हे पत्र तुम्हाला शनिवारी मिळेल अन् मी सोमवारी पोचेन. मधले दोन दिवस केळ्यावर काढू नका. पत्र वाचून झालं की उठा, पीठ मळा, दोन भाकरी टाका. माझी वाट पाहू नका. बसून जेवून घ्या.

तुमची
दुर्गा